बेन चुकीचा होता, तरी आपल्याला पटला : ड्वेन जोन्स या नटाविषयी



पत्रिकेवर आजचा विषय 'भयपटातला नट' असा छापलाय. विषय मोठा आहे, तासाभरात आवरणारा नाही. म्हणून आम्ही एकच नट घेतला आहे, ड्वेन जोन्स. नाव ऐकून ओळख पटली नसेल तर नवल नाही. चेहरा मात्र तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असणार. फळ्या ठोकलेल्या घरात, हातात रायफल घेऊन उभा असलेला एक उंच काळा माणूस. बाहेर अंधारात मेलेली माणसं चालतायत आणि आत जिवंत माणसं भांडतायत. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८. आज झोंबी म्हणून जे काही पडद्यावर येतं, त्या सगळ्याचा हा मूळपुरुष.

या नटाच्या नावावर वीस वर्षांत आठ-एक चित्रपट आहेत. जवळजवळ सगळे कमी पैशांतले, त्यातले बहुतेक भयपट. एक जगप्रसिद्ध, दोन फार मोठ्या दर्जाचे आणि बाकीचे सोडून द्यावेत असे. चरित्रकोशात अशा माणसाला चार ओळी मिळतात आणि त्यांत 'अमुक चित्रपटातील नायक' एवढंच असतं. पुढे हळहळ व्यक्त होते, एवढा गुणी नट, पण कारकीर्द काही झाली नाही. आम्हाला ही हळहळ मान्य नाही. त्या पहिल्या चित्रपटाला जो अर्थ आला, त्यातला मोठा भाग या नटानं घडवला, असं आमचं म्हणणं आहे. ते श्रेय आपण दिग्दर्शकाला आणि योगायोगाला देऊन मोकळे होतो, आणि मग त्या नटाचं पुढचं काम आपल्याला दिसेनासं होतं.

तर सुरुवात पिट्सबर्गपासून करू. पेन्सिल्व्हेनियातलं पोलादाच्या कारखान्यांचं शहर. तिथे जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे मित्र जाहिरातपट बनवत होते. १९६७ साली त्यांनी ठरवलं की एक पूर्ण लांबीचा सिनेमा करायचा. दहा जणांनी प्रत्येकी सहाशे डॉलर घातले, मग आणखी पैसे उभे राहिले. अखेर खर्च झाला सुमारे एक लाख चौदा हजार डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात हा चहापाण्याचा खर्च. इव्हान्स सिटी गावाजवळ पाडायला काढलेलं एक शेतघर त्यांना मिळालं. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप, कारण कृष्णधवल फिल्मवर ते चांगलं दिसतं. पैसे घालणाऱ्यांत एक खाटीक होता, त्यामुळे मेलेल्यांच्या जेवणाची सोय घरच्या घरी झाली. (हशा) निर्माते कार्ल हार्डमन हेच चित्रपटातले हॅरी कूपर, दुसरे निर्माते रसेल स्ट्रायनर हे बार्ब्राचा भाऊ जॉनी. आपल्याकडच्या हौशी नाटकासारखंच बघा, वर्गणी भरणाराच भूमिका करतो आणि प्रयोग संपल्यावर तोच नेपथ्य उचलतो.

या मंडळींत ड्वेन जोन्स आले. वय तिशीचं. पिट्सबर्ग विद्यापीठात शिकलेले, न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर काम करणारे, पेशानं शिक्षक, वाचनात मुरलेले. बेनची भूमिका लिहिली होती ती एका रांगड्या ट्रक ड्रायव्हरची, तोंडानं फटकळ आणि भाषेनं ओबडधोबड. तशी संवादांची भाषा जोन्स यांनी स्वीकारली नाही. वाक्यं आपल्या जिभेवर घोळवून सरळ, नेमकी, सुशिक्षित माणसाची केली. रोमेरो जन्मभर सांगत आले की आम्ही त्यांना निवडलं ते चाचणीत ते सर्वांत चांगले ठरले म्हणून. काळा नट मिळाला म्हणून पटकथेतला एक शब्दही बदलला नाही. ते खरं बोलत असणार. चित्रपटभर बेनच्या रंगाचा उल्लेख कोणीही करत नाही, त्याचा मत्सर करणारा कूपरसुद्धा नाही.

आता यावरून समीक्षकांनी जो निष्कर्ष काढला तो आम्हाला खटकतो. ते म्हणतात, म्हणजे या चित्रपटाचा वंशभेदाशी आलेला संबंध हा योगायोग. १९६८ सालानं तो अर्थ त्याच्यावर लादला. अहो, दिग्दर्शकानं विचार केला नव्हता म्हणजे कोणीच केला नव्हता, असं कसं होईल? त्या घरात एक माणूस असा होता की ज्याला दर क्षणी आपण काळे आहोत याचं भान होतं, कारण ते विसरण्याची सवलत त्याला नव्हती. आणि तोच कॅमेऱ्यासमोर उभा होता.

एक प्रसंग घ्या. बार्ब्रा धक्क्यानं भ्रमिष्टासारखी झालीय, भावाला शोधायला बाहेर पळू बघतेय. बेन अडवतो. ती त्याला थोबाडीत मारते. तो उलट एक ठोसा मारतो आणि ती कोसळते. रोमेरोंनी पुढे सांगितलंय की आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं, काळजी होती ती ड्वेनला. काळ्या माणसानं गोऱ्या बाईवर पडद्यावर हात उचलायचा म्हणजे काय, हे त्यांना चांगलं कळत होतं. त्याच वर्षी 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये सिडनी पॉइटिए यांनी एका गोऱ्या जमीनदाराच्या थपडेला थपडेनं उत्तर दिलं आणि थिएटरं दणाणली. पण ती थप्पड न्याय्य होती, समोर खलप्रवृत्तीचा पुरुष होता, हॉलिवूडनं तिची पूर्ण तयारी करून ठेवली होती. जोन्स यांच्या वाट्याला आलेला ठोसा एका असहाय बाईला मारायचा होता. आता त्यांनी काय केलं ते पाहा. मारण्यात राग ठेवला नाही, समाधान तर नाहीच. तिला सोफ्यावर ठेवलं, कोट सैल केला आणि पुन्हा कामाला लागले. थोड्या वेळानं घरातल्या कपाटात सापडलेल्या बायकी चपला आणून तिच्या पायात घालतात. ते इतक्या सहजपणे होतं की पहिल्यांदा पाहताना लक्षातही येत नाही. पण त्या चपलांमुळे त्या ठोशाचा अर्थ बदलतो. चपला पटकथेत होत्या की नव्हत्या, हा प्रश्न आमच्या लेखी गौण आहे. त्या कशा घातल्या गेल्या, ते काम नटाचं.

कमी पैशांच्या भयपटात नटाचं काम नेमकं काय असतं, याचं एक उदाहरण इथे द्यायला हवं. घरात आल्यावर काही वेळानं बेन एक हकीकत सांगतो. पेट्रोलचा मोठा टँकर रस्त्यावरून भरधाव आला, त्याच्यामागे ती मेलेली माणसं, टँकर पेट्रोल पंपावर जाऊन आदळला, आगीचा लोळ, आत अडकलेल्या माणसाच्या किंकाळ्या. मग तो स्वतः ट्रकमध्ये आणि भोवती पन्नास-साठ जण नुसते बघत उभे. त्यानं ट्रक थेट त्यांच्या अंगावर घातला. मोठ्या स्टुडिओनं हा प्रसंग चित्रित केला असता. रोमेरोंकडे टँकर नव्हता, पंप नव्हता, पन्नास-साठ माणसंही त्या दिवशी नसतील. होता फक्त एक नट. जोन्स हे सगळं एका जागी उभं राहून, कुठेही आवाज न चढवता सांगतात. अधूनमधून थांबतात. तेव्हा ते वाक्य आठवत नसतात, ते दृश्य पुन्हा बघत असतात. तो टँकर आपण पाहिला असं प्रेक्षकाला पुढे वाटत राहतं. पैसा नसला की आग नटाला लावावी लागते. मेकअप, तारा, धूर यांच्यावर पुस्तकं निघतात, या गोष्टीबद्दल मात्र क्वचित कोणी बोलतं.

आता व्याख्यानाच्या शीर्षकाकडे. बेन चुकीचा होता, असं आम्ही का म्हणतो? घरात वाद सुरू होतो तो तळघरावरून. कूपरचं म्हणणं, सगळ्यांनी तळघरात जाऊ, एकच दार आहे, आतून बंद करू. बेन म्हणतो, तळघर म्हणजे मरणाचा सापळा, इथे वरच राहू, इथून पळता तरी येईल. आपण सगळे बेनच्या बाजूचे. कूपर भित्रा आहे, आपमतलबी आहे, बायकोशी नीट बोलत नाही. पण पुढे काय होतं ते मोजा. बेनच्या योजनेत टॉम आणि ज्युडी ट्रकसकट जळतात. वरच्या मजल्यावरचा बंदोबस्त मोडतो. बार्ब्राला तिचाच मेलेला भाऊ ओढून नेतो. आणि अखेर रात्रभर जगतो कोण, तर बेन. आणि कुठे, तर तळघरात, दार आतून लावून. कूपर माणूस म्हणून वाईट होता, पण तळघराच्या बाबतीत बरोबर होता.

हे चित्रपट दोनदा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही, आणि त्याचं कारण जोन्स. त्यांनी बेनला विचार करणारा माणूस केलाय. फळी उचलताना ते तिची लांबी नजरेनं मोजतात. बोलण्याआधी क्षणभर गप्प राहतात. सक्षमता, हा शब्द जरा रुक्ष आहे, पण तीच त्यांच्या अंगात दिसते. सक्षम माणूस बरोबरच असणार असं आपण धरून चालतो. म्हणून शेवटचा धक्का दुहेरी आहे. इतका शहाणा माणूसही चुकला, हा एक. आणि चुकूनही तो वाचला, सकाळ झाली, मदत आली, आणि त्या मदतीनंच त्याला गोळी घातली, हा दुसरा.

त्या शेवटाबद्दल. रायफली आणि कुत्रे घेऊन शेतातून येणारे गोरे पुरुष, खिडकीत एक काळा चेहरा, कपाळात एक गोळी. मग श्रेयनामावलीत खडबडीत स्थिरचित्रं, मांसाचे आकडे घेऊन मृतदेह ओढणारी माणसं आणि पेटवलेली चिता. अमेरिकेतल्या झुंडबळींची जुनी छायाचित्रं ज्यांनी पाहिलीत त्यांना वेगळं सांगायला नको. बेन वाचावा असा एक शेवटही चर्चेत होता. जोन्स यांनी आयुष्याच्या अखेरीस दिलेल्या एका मुलाखतीत सांगितलं की आपण त्याला विरोध केला. इतकं सगळं घडल्यावर काळ्या माणसाला गुळगुळीतपणे वाचवलेलं काळ्या प्रेक्षकांना पटणार नाही, त्यापेक्षा तो मेलेला परवडेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. संवादांची भाषा, तो ठोसा आणि हा शेवट, तिन्ही जागी या माणसाचा हात दिसतो. मग योगायोग उरला कुठे?

चित्रपट तयार झाल्यावरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. प्रिंट गाडीत टाकून रोमेरो वितरक शोधायला न्यूयॉर्ककडे निघाले आणि वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी आली. एका कंपनीला रंगीत हवा होता, दुसरीला गोड शेवट हवा होता. अखेर १ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये पहिला खेळ झाला. वयोगटाची प्रमाणपत्रं अमेरिकेत महिनाभरानं, नोव्हेंबरात सुरू झाली, त्यामुळे मुलं दुपारच्या खेळाला बिनदिक्कत आत. रॉजर एबर्ट यांनी अशा एका खेळातल्या रडणाऱ्या मुलांविषयी लिहिलंय. आणि वितरकानं नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची ओळ गाळली. तेव्हाच्या कायद्यानं त्यामुळे स्वामित्वहक्कच गेला. चित्रपट कोणाचाच राहिला नाही, म्हणजे सगळ्यांचा झाला. कोणीही प्रत काढावी, कोणीही दाखवावा, टीव्हीवर, व्हिडिओ कॅसेटवर. जोन्स यांचा चेहरा जगभर गेला तो असा, फुकट.

त्यांना मात्र या प्रसिद्धीत राहायचं नव्हतं. चाहत्यांच्या मेळाव्यांपासून ते दूर राहिले, या चित्रपटावर फारसं बोलले नाहीत. लोक आपल्याला आयुष्यभर केवळ बेन म्हणून ओळखतील, याची त्यांना धास्ती होती. चित्रीकरणाच्या दिवसांतली एक आठवण त्यांनी सांगून ठेवलीय. रात्री गाडीनं परतताना काही गोऱ्या पोरांनी मागे लागून त्यांना लोखंडी पहार दाखवली. दिवसभर सिनेमात तेच हत्यार यांच्या हातात असे! भयपटातलं भय आणि घरी जाण्याच्या वाटेवरचं भय यांत जास्त अवास्तव कोणतं, असा प्रश्न त्यांना पडला. भयपट हा पळवाटेचा प्रकार आहे असं मानणाऱ्यांनी ही आठवण जवळ ठेवावी.

यानंतर पाच वर्षांनी आला 'गांजा अँड हेस', १९७३. आज व्याख्यानानंतर तोच दाखवायचाय, त्यामुळे कथा पूर्ण फोडत नाही, पण थोडी सांगावी लागेल. निर्मात्यांना हवा होता काळ्या प्रेक्षकांसाठी एक रक्तपिपासूचा धंदेवाईक सिनेमा. आदल्याच वर्षी 'ब्लॅक्युला' चालला होता. त्यांनी काम दिलं बिल गन यांना. गन नाटककार, कादंबरीकार, नट. त्यांनी पैसे घेतले आणि भलताच चित्रपट करून दिला. हेस ग्रीन हा श्रीमंत कृष्णवर्णीय मानववंशशास्त्रज्ञ. प्राचीन आफ्रिकी संस्कृतीतल्या एका खंजिरानं त्याचा मदतनीस त्याला भोसकतो, आणि हेसला रक्ताचं व्यसन जडतं. मदतनीस मेडाची भूमिका खुद्द गन यांनी केलीय. मग मेडाची बायको गांजा नवऱ्याला शोधत येते. मार्लीन क्लार्क या अभिनेत्रीनं ती अशी केलीय की तिच्यावर वेगळं व्याख्यान व्हावं.

एक बारीकशी गंमत. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. 'गांजा अँड हेस'मध्ये व्हँपायर हा शब्द येत नाही. भीतीला नाव दिलं की ती ओळखीची होते, मग लसूण आणि क्रूस आणून भागतं. इथे ती सोय नाही. हेसला काय झालंय हे हेसलाच शोधायचंय, आणि ते जोन्स आपल्याला चेहऱ्यावर दाखवतात.

त्यातलं झाडाचं दृश्य नीट बघा. मेडा रात्री झाडावर चढून बसलाय, फास बांधलाय, जीव द्यायचं बोलतोय. खाली हेस. तो काय म्हणतो? जीव देऊ नकोस, आयुष्य सुंदर आहे, असलं काही नाही. तो म्हणतो की या भागात मी एकटाच काळा माणूस आहे, माझ्या आवारात प्रेत सापडलं तर पोलीस पहिल्यांदा माझ्याकडे येतील. हे वाक्य विनोदी आहे आणि भयंकर आहे. जोन्स ते घरमालकानं भाडेकरूला नळ बंद करायला सांगावा तितक्या सौम्यपणे म्हणतात. गाडी, वाडा, चित्रं, विद्वत्ता, सगळं असलेला हा माणूस आणि सगळं गमावून तळघरात लपलेला बेन यांच्यात अंतर किती, तर एका प्रेताचं. बेन भूमिका म्हणून त्यांना नकोसा झाला असेल, पण त्याला कळलेली गोष्ट त्यांनी टाकून दिली नव्हती.

थोड्याच वेळात हाच सभ्य माणूस मेडाचं रक्त गुडघ्यांवर बसून जमिनीवरून चाटतो. भयपटात हे दृश्य किळस आणण्यासाठी असतं. जोन्स त्यात लाज घालतात. हेसच्या पाठीच्या बाकाकडे लक्ष ठेवा. उभं राहणं हीच ज्याची आयुष्यभराची कमाई, तो माणूस वाकलाय. दुसऱ्या एखाद्या नटानं इथे डोळे फिरवले असते, दात दाखवले असते. ती आवड आम्हालाही आहे, रामसे बंधूंचे सिनेमे आम्ही आनंदानं पाहिलेत. पण त्या आनंदात लाज कधी आली नव्हती.

चित्रपट कानच्या समीक्षक सप्ताहात दाखवला गेला. न्यूयॉर्कमध्ये मात्र आपटला आणि उचलला गेला. मग मालकांनी तो दुसऱ्याकडून कापून घेतला, अर्ध्या तासाहून जास्त भाग काढला आणि निरनिराळ्या नावांनी स्वस्तातल्या थिएटरांत फिरवला. गन यांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून गोऱ्या समीक्षकांना जाब विचारला. काळ्या कलावंताचं काम तुम्ही कोणत्या मोजपट्टीनं मोजता, असा त्याचा रोख होता. हा प्रश्न आपल्याला परका नाही. १९७२ साली मुंबईत ज्यांनी दलित पँथर काढली त्यांनी नावच ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं, आणि त्या लेखनाचं मूल्यमापन कोणत्या सौंदर्यशास्त्रानं करायचं यावर मराठीत पुढे कितीतरी वर्षं भांडणं झाली. मराठी वाचकाला गन यांचं दुखणं अमेरिकी वाचकाइतकंच चटकन कळेल असं आम्हाला वाटतं.

आणि यात नटाचं काय झालं? लेखकाचं हस्तलिखित घरी राहतं, चित्रकाराचं चित्र राहतं. नटाचं काम कापलेल्या अर्ध्या तासात गेलं की गेलं. मूळ प्रत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात होती म्हणून वाचली. कित्येक वर्षं जोन्स यांच्या या कामाचा पुरावा एवढाच होता.

सत्तरच्या दशकात त्यांनी काय केलं हे आम्ही पटकन सांगतो, कारण ते पडद्यावर नाही. ब्लॅक थिएटर अलायन्स या कृष्णवर्णीय नाट्यसंस्थांच्या संघटनेचे ते कार्यकारी संचालक होते. अँटिऑक कॉलेजात साहित्य शिकवलं. पुढे मॅनहॅटनमधल्या रिचर्ड ॲलन केंद्राचे कलासंचालक झाले, लाँग आयलंडवर ओल्ड वेस्टबरीच्या महाविद्यालयात नाट्यविषय शिकवला. तिथल्या एका सभागृहाला आज त्यांचं नाव आहे. ज्याला 'कारकीर्द झाली नाही' म्हणतात, त्याचं वेळापत्रक हे असं होतं. अर्थात, याची दुसरी बाजू झाकायची नाही. त्यांनी सिनेमा नाकारला, असं म्हणणं सोयीचं आहे. सिनेमानं त्यांना काय देऊ केलं होतं? दलाल, गुंड, पोलिसाचा साथीदार. सत्तरच्या दशकात विचार करणाऱ्या काळ्या माणसाची भूमिका फक्त तिथे मिळत होती, जिथे पैसा इतका कमी होता की लक्ष ठेवायला कोणी नव्हतं.

अशीच एक भूमिका १९८२ साली मिळाली, 'लूझिंग ग्राउंड'. दिग्दर्शिका कॅथलीन कॉलिन्स. कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रीनं दिग्दर्शित केलेल्या पहिल्या काही पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी हा एक. भयपट नाही. सारा ही तत्त्वज्ञानाची प्राध्यापिका, सेरेट स्कॉट यांनी केलेली. तिचा चित्रकार नवरा म्हणजे पुन्हा बिल गन. एका विद्यार्थ्याच्या सिनेमात ती काम करायला तयार होते आणि तिथे तिला भेटतो ड्यूक, रिकामा बसलेला नट. तोच जोन्स. ग्रंथालयात ते पहिल्यांदा समोर येतात ते खांद्यावर लांब झगा आणि डोक्यावर हॅट घालून, म्हणजे थेट ड्रॅक्युलाचं सोंग! आणि बोलतात मात्र पुस्तकांबद्दल. कॉलिन्स यांना हा माणूस कोण आहे, जगानं त्याला कशासाठी ओळखलंय आणि तो खरा कसा आहे, हे तिन्ही ठाऊक होतं. त्या दृश्यात जोन्स पहिल्यांदा मजा करताना दिसतात. खांदे सैल आहेत. हसतात. हा माणूस प्रणयी नायक म्हणून किती चालला असता, हा विचार डोक्यात येतो आणि जरा राग येतो.

चित्रपटाच्या शेवटी, विद्यार्थ्याच्या त्या सिनेमात, सारा ड्यूकवर गोळी झाडते. बेन गोळीनं गेला. हेस क्रूसाच्या सावलीत जातो. ड्यूकही गोळीनं पडतो, पण हे मरण खोटं आहे, सिनेमातल्या सिनेमातलं. तो पडतो ते नटासारखं, अंगाला वळण देत. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या खिडकीतल्या गोळीत अभिनयाला जागाच ठेवली नव्हती, चुटकीसरशी सगळं संपलं होतं. इथे त्यांना पडायला वेळ मिळाला.

'लूझिंग ग्राउंड' तेव्हा थिएटरांत नीट लागलाच नाही. २०१५ साली लागला.

उरलेले चित्रपट. 'बीट स्ट्रीट'मध्ये छोटी भूमिका. 'व्हँपायर्स', 'टू डाय फॉर', आणखी एक-दोन. यांचं समर्थन करायला आम्ही उभे नाही. काही चाहते त्यांतही काही शोधतात, शोधोत. आम्हाला त्यांत दिसतो तो एक शिक्षक, जो कामाचा दिवस भरून घरी जातो. कमी खर्चाचा भयपट म्हणजे आपोआप मुक्त कला, असा एक भाबडा समज हल्ली आहे, त्याला हे चित्रपट चांगला उतारा आहेत. कमी पैशांत धाडस करता येतं, तसं कमी पैशांत काहीच न करताही सिनेमा काढता येतो. फरक समोर कोण लिहितंय आणि कोण बघतंय याचा. रोमेरोंनी जोन्स यांना मोकळं सोडलं, गन आणि कॉलिन्स यांनी त्यांना ओळखलं. बाकीच्यांनी पोस्टरसाठी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधला माणूस घेतला.

१९९० साली रोमेरोंच्याच पटकथेवर त्या पहिल्या चित्रपटाची रंगीत पुनर्निर्मिती झाली, बेन झाले टोनी टॉड. मोठा नट, उंची तशीच, आवाज तर अधिकच. पण त्यांचा बेन पहिल्यापासून हादरलेला आहे, त्यामुळे तो चुकतो तेव्हा आपल्याला फसवल्यासारखं वाटत नाही. दोन्ही एकामागोमाग पाहा, जोन्स यांनी काय केलं होतं ते आमच्या तासाभराच्या बडबडीपेक्षा लवकर कळेल. जॉर्डन पील यांच्या 'गेट आउट'चा शेवटही त्या जोडीला ठेवा. नायक रस्त्यावर, भोवती प्रेतं, आणि लांबून लुकलुकणाऱ्या दिव्यांची गाडी येते. २०१७ सालचं थिएटर त्या क्षणी श्वास रोखून बसलं होतं, ते बेनला माहीत असलेल्याच कारणानं.

ड्वेन जोन्स २२ जुलै १९८८ रोजी गेले, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. सप्टेंबरात कॅथलीन कॉलिन्स गेल्या, अवघ्या शेहेचाळीस वर्षांच्या. पुढच्या एप्रिलमध्ये बिल गन. नऊ महिन्यांत तिघंही. आपली कामं पूर्ण स्वरूपात लोकांसमोर आलेली तिघांनीही पाहिली नाहीत.

आज दाखवतोय ती 'गांजा अँड हेस'ची मूळ, न कापलेली आवृत्ती. दोन तासांना थोडी कमी. मध्यंतर नाही. पहिल्या दहा मिनिटांत गोंधळल्यासारखं होईल, तेव्हा उठू नका, कोण कोणाचं कोण ते पुढे उलगडतं. प्रश्न नंतर घेऊ, चहाच्या वेळी. मागचे दिवे तेवढे बंद करा कोणीतरी.